आठ सेकंदांचा नमस्कार

प्रभाकर मेणवलीकर गाडी चालवताना फोनला हात लावत नाहीत, हे जयपुरातल्या बनी पार्कात झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत. गाडीत बसण्यापूर्वी फोन बंद करायचा, रुमालात गुंडाळायचा आणि डिकीत स्टेपनीशेजारी ठेवून द्यायचा, हा त्यांचा नेम. या नेमापायी सख्ख्या मामांच्या निधनाची बातमी त्यांना दोन तास उशिरा कळली, आणि त्या दोन तासांत ते एका बारशाला जाऊन दोनदा पेढे घेऊन आले. मामेभाऊ अजून त्यांच्याशी बोलत नाही. पण नेम म्हणजे नेम.

शिवाय धंदाच तसला. प्रभाकरराव एका सरकारी विमा कंपनीत मोटारींच्या दाव्यांचे अधिकारी. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन जयपुरात आलेले. 'चालकाचे लक्ष विचलित होते' हे चार शब्द त्यांनी इतक्या फायलींवर लिहिले होते, की नवीन पेनानं लिहून बघायचं झालं तर इतर लोक जसं स्वतःचं नाव लिहितात, तसं ते हे वाक्य लिहीत.

अशा माणसाच्या फोनवर मंगळवारी सकाळी, पोह्यांवर लिंबू पिळत असताना, ई-चलन आलं. आपण वाहन चालवताना मोबाइल फोनचा वापर केला आहे. दंड भरा, आणि परवाना तीन महिने निलंबित का करू नये याचा पंधरा दिवसांत खुलासा करा. खाली फोटो.

प्रभाकरराव फोटोकडे बघत लिंबू पिळत राहिले. रस संपला, बिया पडल्या, साल कुस्करली गेली, तरी पिळत राहिले.

फोटो रविवारचा, सकाळी नऊ बाराचा. गाडी त्यांचीच, नंबर त्यांचाच, टक्कलही त्यांचंच. समोरच्या काचेवर ऊन पडल्यामुळे शेजारची अख्खी जागा पांढरीफटक झाली होती आणि चष्म्याच्या काचाही चमकत होत्या. स्वच्छ दिसत होतं ते एवढंच, की मेणवलीकरांचा उजवा हात उजव्या कानाला लागलेला आहे आणि तोंड अर्धवट उघडं आहे. फोनवर पलीकडच्या माणसाला 'ऐकू येतंय का?' असं विचारताना माणूस दिसतो, अगदी तसे ते दिसत होते.

"बाबा!" ज्ञानदानं त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. वीस वर्षांची मुलगी, वाढली सगळी इंदूर-भोपाळ-जयपुरात. "मतलब, तुम्ही? तुम्ही फोनवर? कोण होतं एवढं इम्पॉर्टंट?"

"फोन डिकीत होता!"

"मग कानाला काय आहे?"

"हात आहे!"

"तो तर दिसतोय. पण का आहे?"

या 'का'चं उत्तर प्रभाकररावांना जरा वेळानं आठवलं, आणि ते आठवल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. अहो, नमस्कार! तो बनी पार्कातला चौक. त्या चौकातलं मारुतीचं देऊळ. तिकडे मारुतीला बालाजी म्हणतात. जयपुरात आल्यावर पहिले सहा महिने प्रभाकरराव तो तिरुपतीचा समजून वेगळ्या मंत्रानं नमस्कार करत होते, ही चूक नंतर कळली आणि तिची माफीही त्यांनी रीतसर मागितली.

इथं थोडं थांबून नमस्काराचं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रभाकरराव मूळचे वाईकडचे. देऊळ दिसलं की हात जोडायचे, डोळे मिटायचे, मग दोन्ही कान धरून झाल्या-गेल्या चुकांची माफी मागायची, गालांवर हलक्या दोन चापट्या मारून घ्यायच्या आणि शेवटी हात छातीला लावायचा, हे त्यांना लहानपणी आजोबांनी शिकवलेलं. चालता चालता नुसती मान झुकवणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. गाडीत मात्र ही सगळी क्रिया ते थोडक्यात, एका हातानं आणि डोळे उघडे ठेवून करत. निदान तसं त्यांचं ठाम मत होतं.

"नमस्कार करत होतो मी!" ते विजयानं म्हणाले. "कान धरले होते! काय गं, शालिनी? तू होतीस ना शेजारी? सांग हिला."

शालिनीबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी गॅस बारीक केला. मग मोठा केला. मग पुन्हा बारीक केला.

"भरून टाका ना तो दंड," त्या म्हणाल्या. "विषय संपवा."

"म्हणजे? अगं, मी फोनवर नव्हतो!"

"मी समोर बघत होते."

आता याला काय म्हणावं? सत्तावीस वर्षं संसार केलेली बायको. रविवारी सांगानेरला छापील चादरी आणायला म्हणून दोघं निघालेले. हातभर अंतरावर बसलेली ही बाई. नवऱ्यावर आळ आला आहे, आणि साक्षीदार म्हणते मी समोर बघत होते! प्रभाकररावांना पोहे गेले नाहीत. म्हणजे शेवटी गेले, पण चव लागली नाही.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, दंड भरायचा नाही, खुलासा करायचा. कर नाही त्याला डर कशाला? परवाना तर जाता कामा नयेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या घरात, या स्वयंपाकघरात, शालिनीच्या तोंडून 'हे फोनवर नव्हते' हे वाक्य निघालं पाहिजे. तेवढ्यासाठी दिल्लीपर्यंत जायची त्यांची तयारी होती.

बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरली. ती कुणी पसरवली, हे विचारू नका. प्रभाकरराव स्वतःच फोटो दाखवत हिंडत होते.

समोरच्या बंगल्यातले शेखावतजी फोटो बघून म्हणाले, "देखिए मेणवलीकरजी, लिख के दीजिए कि कान में खुजली थी." शेखावतजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, मिशाळ, आणि सल्ला देण्याच्या बाबतीत अजून नोकरीत असल्यासारखे. "खुजली पे कोई कानून नहीं है."

"पण खाज नव्हती. मैं भगवान को नमस्कार कर रहा था."

"वो मत लिखना. भगवान का नाम आते ही फाइल लंबी होती है. खुजली छोटी चीज है, जल्दी निपटेगी. मेरे पहचान के कान के डॉक्टर हैं, सर्टिफिकेट दे देंगे."

एवढं बोलेपर्यंत शेखावतजींना तीन फोन आले आणि तिन्ही फोनवरच्या लोकांना त्यांनी मेणवलीकरांचा मामला सविस्तर सांगितला. तिसऱ्याला सांगताना त्यात खाज आधीच आलेली होती.

मग हिंदुराव. हे निवृत्त सुभेदार मेजर. पलटणीबरोबर इथल्या लष्करी ठाण्यात आले आणि इथंच राहिले. जयपुरातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. बोलणं अजून पक्कं कोल्हापुरी. त्यांनी फोटो हातभर लांब धरला, नकाशा वाचावा तसा वाचला आणि गर्जना केली, "आवो, भ्यायचं काय त्यात? लढायचं! मंडळाच्या लेटरहेडवर दाखला देतो. 'सदर गृहस्थ देवभोळे असून देऊळ दिसताच त्यांचा हात आपोआप वर जातो.' शिक्का मारतो दोन्ही बाजूंनी!"

"एका बाजूनं चालेल," प्रभाकरराव म्हणाले.

शालिनीबाईंनी चहा आणून ठेवला आणि हिंदुरावांना हळूच म्हणाल्या, "भाऊजी, उगाच वाढवू नका हो." हिंदुरावांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या एका कानानं तोफखान्यात असतानाच रजा घेतली होती.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव त्या चलनांच्या कार्यालयात गेले. कार्यालय नेमकं कुठलं, ते सांगत नाही. उगाच आणखी एक चलन नको. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"फोन नहीं था, इसका प्रूफ?"

"फोन बंद होकर डिकी में था."

"बंद होने का प्रूफ?"

प्रभाकरराव फोन कंपनीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, की आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी देता येते, पण न आलेल्या आणि न गेलेल्या कॉलची यादी काढायची सोय नाही. तरी त्यांनी रविवारचा कोरा कागद शिक्क्यासह मिळवला. खिडकीतल्या बाबूंनी तो उजेडात धरून पाहिला.

"इसमें तो कुछ नहीं है."

"वही तो प्रूफ है!"

"इसका मतलब दूसरा फोन था," बाबू शांतपणे म्हणाले.

प्रभाकररावांचं डोकं गरगरलं. आणि खरं सांगायचं तर गरगरण्यामागे आणखी एक कारण होतं. हे वाक्य, अगदी याच स्वरात, गेल्या वर्षी त्यांनीच एका टेम्पोवाल्याला ऐकवलं होतं. तेव्हा ते त्यांना फार तर्कशुद्ध वाटलं होतं.

"तो मंदिर का प्रूफ लाइए," बाबूंना दया आली असावी. "उस चौराहे पर मंदिर है, ऐसा लिखवा के."

हे सोपं होतं. निदान तसं वाटलं. प्रभाकरराव पेढ्यांचा पुडा घेऊन चौकातल्या देवळात गेले. पुजारीजींनी नैवेद्य दाखवला, टिळा लावला, प्रसाद दिला, आणि 'लिखित' हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा पडला. त्यांनी प्रभाकररावांना गाभाऱ्यामागे नेलं.

"बाबूजी, ये मंदिर है कहाँ?"

"म्हणजे? हे काय आहे मग? आपण उभे कुठं आहोत?" गोंधळाच्या भरात प्रभाकरराव मराठीत बोलले.

"कागज पर यहाँ मंदिर नहीं, फुटपाथ है. पचास साल से फुटपाथ है. आप लिख के दोगे कि मंदिर है, तो कल नापने वाले आएँगे. बालाजी को कहाँ ले जाऊँगा मैं?" पुजारीजींनी हात जोडले. "आपको प्रूफ ही चाहिए तो नारियल ले जाइए."

प्रभाकरराव नारळ घेऊन घरी आले. म्हणजे आता परिस्थिती अशी झाली, की ज्या देवाला त्यांनी नमस्कार केला तो देव होता, देऊळ होतं, घंटा होती, नारळ हातात होता. पण सरकारदरबारी त्यांनी फुटपाथाला नमस्कार केला होता.

हिंदुरावांचा दाखलाही परत आला. तो मराठीत होता. 'देवभोळे' या शब्दाचं हिंदी करून आणा आणि वर वकिलाचा शिक्का आणा, असं बाबूंचं म्हणणं पडलं. हिंदुरावांनी त्याचं हिंदी 'भगवान से डरने वाले' असं केलं. बाबू म्हणाले, भगवान से डरते हैं, तो ट्रैफिक पुलिस से क्यों नहीं डरते? मग प्रात्यक्षिक झालं. प्रभाकररावांना खुर्चीवर बसवून नमस्कार करायला सांगण्यात आलं आणि तो फोटोशी ताडून पाहण्यात आला. "हाथ थोड़ा ऊपर. मुँह खोलिए. इतना नहीं." शेजारच्या खिडक्यांतली माणसं चहा घेऊन बघायला आली. एकानं नमस्कार पुन्हा करायला लावला, कारण तो उशिरा आला होता. छप्पन्न वर्षांचा, प्रथम श्रेणीतला, निवृत्तीला आलेला अधिकारी लाकडी खुर्चीवर बसून तोंड उघडून कान धरतो आहे, हे दृश्य प्रभाकररावांना बाहेरून दिसत नव्हतं, हीच देवाची कृपा.

शेवटी बाबू म्हणाले, "गाड़ी में और कोई था?"

"पत्नी."

"अरे! तो इतने दिन क्या कर रहे थे? उनको ले आइए. बस, एक लाइन का बयान."

त्या संध्याकाळी प्रभाकरराव घरी आले ते जवळजवळ धावतच. शालिनीबाई सांगानेरच्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

"एक वाक्य. फक्त एक वाक्य बोलायचंय तुला. 'हे फोनवर नव्हते.' सोमवारी अकरा वाजता."

"सोमवारी माझा उपास असतो."

"उपासाला बोलायला चालतं!"

"मला हिंदी नीट येत नाही."

"रोज भाजीवाल्याला रडवतेस हिंदीत!"

शालिनीबाईंनी एक चादर उलगडली आणि पुन्हा तीच घडी घातली. प्रभाकरराव पलंगाच्या कडेवर बसले. त्यांचा राग एकाएकी ओसरला आणि त्या जागी काहीतरी वेगळंच आलं. त्यांना फार वाईट वाटलं.

"शालिनी, तुला खरंच वाटतं का गं, मी खोटं बोलतोय?"

"नाही हो," त्या पटकन म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरले. "तुम्ही खोटं बोलत नाही. मला माहीत आहे."

"मग तेच तिथं सांग!"

"तिथं नाही सांगता येणार."

"का?"

"विचारू नका."

प्रभाकररावांना काही म्हणजे काही कळेना. रात्रभर ते कूस बदलत राहिले. बायकोचा विश्वास आहे, पण साक्ष नाही. देव आहे, पण देऊळ नाही. फोन नाही, पण चलन आहे. सकाळी ज्ञानदा म्हणाली, "बाबा, मी येऊ का बयान द्यायला?" तर ते तिच्यावर खेकसले, की तू गाडीत तरी होतीस का? मग स्वतःच ओशाळले.

सोमवारी दहा वाजता ते एकटेच निघाले, तर शालिनीबाई फाटकाशी चपला घालून उभ्या. त्या गाडीत येऊन बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला. मी येते. पण मला काही विचारू नका."

अधिकारी बाई तरुण होत्या, नाव राठौड़. टेबल स्वच्छ, बोलणं कमी. त्यांनी नमस्काराचा अर्ज, कॉल नसलेला कागद, देवभोळेपणाचा दोन भाषांतला दाखला, हे सगळं वाचलं. मध्ये एकदा त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले.

"इतना सब क्यों किया आपने?" त्या म्हणाल्या. "पूरा वीडियो होता है हमारे पास. मँगवा लेते."

प्रभाकररावांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. व्हिडिओ! म्हणजे दूध का दूध, पानी का पानी! त्यांनी अभिमानानं शालिनीबाईंकडे पाहिलं. शालिनीबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चित्र सुरू झालं. हे दुसऱ्या खांबावरच्या कॅमेऱ्याचं होतं. यात ऊन आड येत नव्हतं आणि गाडीच्या आतलं सगळं दिसत होतं. चौक. देऊळ. मेणवलीकरांची गाडी येते. मेणवलीकर देवळाकडे पाहतात. मेणवलीकर हात जोडतात.

दोन्ही.

मेणवलीकर डोळे मिटतात. गाडी चालूच आहे. मेणवलीकर कान धरतात, ओठ हलतात, गालांवर चापट्या मारून घेतात. चेहऱ्यावर परम शांती. गाडी चालूच आहे. आणि समोरून, दुधाची किटली हातात घेऊन, रस्ता ओलांडत शेखावतजी येतात. चित्रात फोन होता, नाही असं नाही. तो शेखावतजींच्या कानाला होता. ते कोणाला तरी हातवारे करून काहीतरी समजावून सांगत होते आणि गाडीकडे त्यांची पाठ होती.

गाडी सरळ त्यांच्यावर निघाली होती.

तेवढ्यात डाव्या जागेवरून एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा हात. त्या हातानं स्टिअरिंग धरलं, सफाईनं टीचभर उजवीकडे वळवलं, शेखावतजींच्या किटलीला वळसा घातला, पुन्हा डावीकडे आणलं आणि गाडी सरळ केली. मेणवलीकरांचा हात छातीशी गेला, डोळे उघडले. तोवर बांगड्यांचा हात परत जाऊन मांडीवर बसला होता. शालिनीबाई समोर बघत होत्या.

राठौड़बाईंनी चित्र मागं नेऊन पुन्हा लावलं. कोपऱ्यात वेळ सरकत होती. आठ सेकंद. बाबूही खिडकी सोडून आत आले होते.

"फोन नहीं है," राठौड़बाई म्हणाल्या. "फोन वाला चलन रद्द."

"मैं कह रहा था ना!" प्रभाकररावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग पडद्याकडे पुन्हा नजर गेली. रविवारी संध्याकाळी शेखावतजी त्यांच्या व्हरांड्यात बसून चहा प्यायले होते. दोन कप.

"अब ये बताइए," राठौड़बाई म्हणाल्या, "गाड़ी चला कौन रहा था?"

प्रभाकररावांनी शालिनीबाईंकडे पाहिलं. शालिनीबाई टेबलाकडे.

"ब्रेक इनका," त्या हळूच म्हणाल्या, "स्टिअरिंग मेरा."

"कब से?"

"गाड़ी ली तब से. अठारह साल."

"आपका लाइसेंस?"

"नहीं है, जी."

बाबूंनी संगणकावर नवीन चलन उघडलं आणि ते अडकले. चालकाच्या रकान्यात एकच नाव बसत होतं. ज्याच्याकडे परवाना आहे तो चालवत नव्हता, आणि जी चालवत होती तिचे पाय कशापर्यंत पोहोचत नव्हते. दोघं-तिघं डोकी लावून बसले. शेवटी राठौड़बाईंनीच निकाल दिला. धोकादायक रीतीनं वाहन चालवलं, चालक मेणवलीकर, परवाना तीन महिने निलंबित. शालिनीबाईंकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचं काय करावं, हे कुठल्या कलमात बसत नव्हतं बहुधा.

"आप सीख क्यों नहीं लेतीं?"

"ऊपर का तो आता है," शालिनीबाई संकोचून म्हणाल्या. "नीचे का सीखना बाकी है."

परवाना टेबलावर ठेवून दोघं बाहेर आली. गाडी संध्याकाळी ज्ञानदा येऊन नेणार होती. तिच्याकडे परवाना होता. प्रभाकरराव फुटपाथावर उभे राहिले. खऱ्या, कागदावरच्या फुटपाथावर. त्यांना ओरडावंसं वाटत होतं आणि रडावंसंही वाटत होतं, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते कळत नव्हतं.

"अठरा वर्षं," ते म्हणाले. "अठरा वर्षं बोलली नाहीस?"

"पहिल्यांदा बोलले होते. तुम्ही म्हणालात, देव तारी त्याला कोण मारी. आणि चार दिवस रुसलात."

"मग पुन्हा सांगायचंस! भांडायचंस माझ्याशी!"

"त्यानं काय झालं असतं? तुम्ही नमस्कार सोडला नसतात. मला शेजारी बसवणं सोडलं असतंत."

खरं होतं. अगदी तेच केलं असतं त्यांनी. विमा कंपनीतली एकतीस वर्षं त्यांच्या काही कामाला आली नाहीत. आणि मग त्यांना दुसरीच शंका आली.

"आणि ऑफिस? रोज मी ऑफिसला जातो त्याचं काय?"

शालिनीबाईंनी पदर सारखा केला. उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं. गेली तीन वर्षं रोज सकाळी त्या नवऱ्याबरोबर गाडीतून सी-स्कीममधल्या त्यांच्या ऑफिसापर्यंत येत आणि तिथून रिक्षानं एकट्या घरी परत जात. कधी म्हणत बँकेत काम आहे, कधी म्हणत तिकडची कोथिंबीर चांगली असते. संध्याकाळीही कुठल्या ना कुठल्या निमित्तानं तिकडे हजर. आपल्या बायकोला या वयातही आपला सहवास इतका आवडतो, याचं प्रभाकररावांना मनातून फार अप्रूप होतं. ऑफिसातल्या दोघा-तिघांना त्यांनी ते सांगितलंही होतं.

"कोथिंबीर," ते एवढंच म्हणाले.

बॅटरीवर चालणारी एक रिक्षा थांबवून दोघं बसली. प्रभाकरराव सुन्न होऊन पुढं बघत होते. रिक्षा बनी पार्काकडे वळली, एका वळणावर शेंदूर फासलेली मूर्ती दिसली, आणि रिक्षावाल्यानं "जय हो बालाजी!" म्हणत हँडल सोडलं. दोन्ही हातांनी. समोरून सिलिंडर लादलेला टेम्पो येत होता.

"भैया! हाथ! हाथ!" प्रभाकरराव किंचाळले आणि त्याच्या खांद्यावरून अर्धे पुढं झेपावले. त्यांची बोटं हँडलला पोहोचेपर्यंत रिक्षावाल्याचा नमस्कार आटोपला होता. त्यानं टेम्पोला आरामात बाजू दिली आणि मागं वळून हसला.

"घबराइए मत, बाबूजी. वो देख रहे हैं ना!"

प्रभाकरराव धपकन मागं बसले. पोटात मोठा गोळा आला होता.

"शालिनी, दर वेळी तुझ्या पोटात असा गोळा यायचा?"

"पहिली चार वर्षं यायचा," शालिनीबाई म्हणाल्या. "मग मीही नमस्कार करायला लागले. डाव्या हातानं."